प्रा. मधु दंडवते: तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोड हा पुण्यातला स्पर्धा परीक्षावाल्यांचा पट्टा, आणि मी याच भागात राज्यशास्त्र शिकवते. वर्गात संसद हा विषय निघाला की मी उदाहरण म्हणून बहुतेक वेळा प्रा. मधु दंडवतेंचं नाव घेते, आणि मग वर्ग संपल्यावर जिन्यात, चहाच्या टपरीवर, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात. ते सगळे एकत्र लिहून ठेवतेय. मला हा माणूस फार महत्त्वाचा वाटतो, ते लपवणार नाही.

ताई, आधी थोडक्यात सांगा, कोण होते हे?

जन्म २१ जानेवारी १९२४, अहमदनगर. शिकले फिजिक्स, आणि मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात, म्हणजे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कॉलेजात, तेच शिकवायचे, म्हणून नावामागे 'प्रा.' कायमचं चिकटलं. समाजवादी चळवळीतले. १९४२ च्या लढ्यात होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते, संयुक्त महाराष्ट्रात होते. १९७० मध्ये विधान परिषदेवर गेले आणि लगेच पुढच्या वर्षी लोकसभेवर, कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून. तिथून सलग पाच वेळा निवडून आले. मोरारजीभाईंच्या सरकारात रेल्वेमंत्री, व्ही. पी. सिंगांच्या सरकारात अर्थमंत्री, नंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं, जे. जे. हॉस्पिटलला.

मधु दंडवते आणि मधु लिमये एकच का?

नाही! हा घोटाळा दर बॅचला होतो. दोघेही समाजवादी, दोघेही गोव्याच्या लढ्यात, दोघेही संसदेत तयारी करून बोलणारे, त्यामुळे होतो. मधु लिमये आपल्या पुण्याचे, १ मे १९२२ चा जन्म, फर्ग्युसनचे विद्यार्थी, पण लोकसभेवर गेले ते बिहारमधून, आधी मुंगेर आणि मग बांका. दंडवते नगरचे, राहिले मुंबईत, निवडून आले कोकणातून. लिमये मंत्री झाले नाहीत, दंडवते दोनदा झाले. एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

पाच टर्म म्हणजे कधी ते कधी? सगळ्यात जास्त काळ खासदार राहिलेले तेच का?

१९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ च्या निवडणुका जिंकल्या, १९९१ ला हरले. म्हणजे जवळपास वीस वर्षं.

सगळ्यात जास्त काळ वगैरे अजिबात नाही. देशात इंद्रजित गुप्तांचा अकरा वेळा निवडून यायचा विक्रम आहे, महाराष्ट्रात नंदुरबारचे माणिकराव गावित नऊ वेळा आले. दंडवतेंचा मुद्दा आकड्याचा नाहीये. मुद्दा असा की या वीस वर्षांतली रेल्वेमंत्रिपदाची साधारण सव्वादोन वर्षं आणि अर्थमंत्रिपदाचे अकरा-एक महिने सोडले, तर बाकी सगळा काळ हा माणूस विरोधी बाकावर बसलेला होता. आणि तरीसुद्धा आज रेल्वेत झोपताना, कोकणात जाताना तुम्ही त्याच्या कामाचा फायदा घेता. हे कसं जमलं हा खरा अभ्यासाचा प्रश्न आहे.

विरोधी बाकावर बसून खासदार करतो तरी काय? आरडाओरडा?

हा प्रश्न इतक्यांदा येतो आणि इतका थकलेल्या सुरात येतो की मला वाईट वाटतं, कारण आजची टीव्हीवरची दोन मिनिटांची क्लिप बघून पोरांना खरंच वाटतं की संसद म्हणजे एवढंच.

बघा, सभागृह साधारण प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू व्हायचं. तारांकित प्रश्न असतो त्याचं उत्तर मंत्र्याला उभं राहून तोंडी द्यावं लागतं, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, ज्याला सगळे सप्लिमेंटरी म्हणतात. मूळ प्रश्नाची नोटीस आधी गेलेली असते, त्यामुळे त्याचं उत्तर अधिकाऱ्यांनी छान इस्त्री करून दिलेलं असतं. खरी परीक्षा सप्लिमेंटरीला. तिथे खासदाराने आधीचे अहवाल, मागच्या वर्षीचं उत्तर, बजेटमधला आकडा वाचून ठेवला असेल तर मंत्री अडकतो, नसेल वाचला तर खासदार पुढच्या मिनिटाला खाली बसतो. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं, ते कोणी बातमीत छापत नाही, पण त्यातूनच माहिती बाहेर निघते. शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेली विधेयकं असतात, ती पास जवळपास कधीच होत नाहीत, तरी सरकारला त्या विषयावर काहीतरी भूमिका घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट, विभागवार स्थायी समित्या, म्हणजे एकेका खात्याचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या समित्या, १९९३ मध्ये आल्या. म्हणजे दंडवतेंच्या पूर्ण कारकिर्दीत त्या नव्हत्याच. रेल्वे असो, संरक्षण असो, जे काय विचारायचं ते मुख्यतः सभागृहातच, सगळ्यांसमोर. जुने छापील वृत्तांत उघडून बघा, पानाचे दोन रकाने, मध्ये कंसात 'व्यत्यय' असं छापलेलं, आणि त्या गदारोळातून वाट काढत दंडवतेंचा मुद्दा पुढे सरकतोय, नियमाचा नंबर, कलम, मागचा दाखला. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाची शिस्त तिथे दिसते, पायरी गाळत नाहीत.

राजापूरच का? पुण्याशी यांचा काय संबंध?

निवडणुकीचा संबंध नाही. पण तुलना मात्र पुण्याने जरूर करावी.

राजापूर मतदारसंघ म्हणजे साधारण आजचा सिंधुदुर्ग जिल्हा आणि रत्नागिरीचा दक्षिण भाग. १९५७, १९६२, १९६७ ला तिथून बॅरिस्टर नाथ पै आले. जानेवारी १९७१ मध्ये ते अचानक गेले, आणि दोनच महिन्यांत निवडणूक होती, तेव्हा दंडवते उभे राहिले. ती 'गरिबी हटाओ'ची लाट, प्रजा समाजवादी पक्षाच्या देशभरात मिळून दोन जागा आल्या, त्यातली एक ही. म्हणजे १९५७ पासून १९९१ पर्यंत, चौतीस वर्षं, राजापूरने समाजवादी खासदार पाठवला. मध्ये एकदाही खंड नाही.

आता पुणे. आपण १९५७ ला नानासाहेब गोऱ्यांना पाठवलं, पुढच्या वेळी नाही. १९६७ ला एसेम जोशींना पाठवलं, १९७१ ला पाडलं. राष्ट्र सेवा दलाचं गाव हे, साने गुरुजी स्मारक इथे, 'साधना' इथे, समाजवाद्यांची व्याख्यानं ऐकायला हॉल भरायचे इथे, आणि मतपेटीत मात्र टर्म एकेकच. मी पुण्याला नावं ठेवत नाहीये, मोठ्या शहराची गणितं वेगळी असतात आणि मोहन धारियांसारखा माणूसही पुण्यानेच दोनदा पाठवला. पण ज्या भागाला आपण मनीऑर्डरवर जगणारा, मागासलेला म्हणायचो त्या भागातल्या मतदाराने आपल्या खासदाराला शिकायला, मुरायला वीस वर्षं दिली. आपण ती दिली नाहीत. हा फरक मला मोठा वाटतो.

१९८४ च्या लाटेत ते निवडून आले होते हे खरंय?

हो खरंय. इंदिराजींच्या हत्येनंतरची निवडणूक, काँग्रेसला चारशेच्या वर जागा, महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३. उरलेल्या पाचांत जनता पक्षाचा एकच, तो म्हणजे राजापूर. इकडे पुण्यातून विठ्ठलराव गाडगीळ काँग्रेसकडून आले होते. त्या लोकसभेत विरोधी बाकांवर इतकी कमी माणसं होती की प्रत्येकाला चार-चार विषय अंगावर घ्यावे लागत होते, आणि बोफोर्स तोफांच्या खरेदीवरचा सगळा गदारोळ याच काळातला.

आणीबाणीत कुठे होते? येरवड्यात?

येरवड्यात होत्या त्या प्रमिलाताई, त्यांच्या पत्नी. ते स्वतः बंगलोरच्या जेलमध्ये. झालं असं की जून १९७५ मध्ये पक्षांतरबंदी विधेयकावरच्या संयुक्त संसदीय समितीची बैठक बंगलोरला होती, त्यासाठी वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि दंडवते तिथे गेलेले, आणि २६ जूनला सकाळी तिथेच अटक झाली. संसदेचं काम करायला गेलेल्या खासदारांना त्याच गावात तुरुंगात टाकलं, हे वाक्य पोरांनो नीट वाचा.

नवरा बंगलोरला, बायको येरवड्यात. दोघांच्या मध्ये फक्त पत्रं, आणि तीही सेन्सॉरच्या हाताखालून जाणारी. रोज आपण नगर रोडला जाताना त्या भिंतीच्या आसपासून गाडी काढतो, विश्रांतवाडीला जाताना सिग्नलला थांबतो. गांधीजींच्या पुणे कराराची जागा म्हणून ती आपल्याला माहिती असते, पण १९७५ ते ७७ मध्ये तिथे बायकाही राजकैदी म्हणून होत्या हे पुण्यातल्याच किती जणांना माहिती आहे? प्रमिलाताई अभ्यासाला घ्याच, त्यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

ते 'दोन इंच फोम' प्रकरण काय आहे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

मार्च १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. त्याच्या आधी, १९७४ मध्ये, रेल्वेने थर्ड क्लास बंद करून त्याला सेकंड क्लास म्हणायला सुरुवात केली होती. नाव बदललं, फळ्या तशाच राहिल्या. म्हणजे स्लीपरचा बर्थ म्हणजे अक्षरशः लाकडी फळ्या, दोन फळ्यांत फट, स्क्रूची डोकी वर आलेली. माझी आई सांगते, पुण्याहून नागपूरला माहेरी जायचं म्हणजे बॅग नंतर, आधी वळकटी बांधायची, त्यात सतरंजी, वर गोधडी, आणि तरी सकाळी उतरल्यावर खांद्याला आणि कमरेला फळीचे वळ. लहान मूल असेल तर ते आईच्या अंगावरच झोपायचं, खाली टोचतं म्हणून. ज्यांच्याकडे पैसे होते ते फर्स्ट क्लासच्या गादीवर झोपत. म्हणजे झोपसुद्धा वर्गाप्रमाणे.

दंडवतेंनी ठरवलं की सेकंड क्लासच्या बर्थवर दोन इंच फोम बसवायचा. बस एवढंच. पुतळा नाही, भव्य स्टेशन नाही, फोम. आधी काही गाड्यांमध्ये झालं, मग नव्या डब्यांमध्ये तेच धोरण पडलं, सरकार पडलं तरी फोम राहिला, आणि एकोणीसशे ऐंशीचं दशक संपेपर्यंत देशभरात सेकंड क्लास स्लीपरचे बर्थ गादीचे झाले. नंतरच्या कुठल्याही रेल्वेमंत्र्याला तो काढायची हिंमत झाली नाही. आज तुम्ही स्लीपरच्या त्या निळ्या रेक्झिनच्या बर्थवर मोबाईल बघत पडलेले असता, कडेला रेक्झिन जरा फाटलेलं असतं, आतला पिवळट स्पंज दिसतो, तो बघा एकदा नीट. या देशात गरीब माणसाच्या पाठीचा विचार मंत्रालयाच्या टेबलावर झाला त्याचा तो पुरावा आहे. माझ्या मते स्वतंत्र भारतात एका मंत्र्याने घेतलेल्या निर्णयांत सगळ्यात जास्त माणसांच्या अंगाला लागलेला निर्णय हाच असावा.

गीतांजली एक्सप्रेसचं काय वेगळं होतं?

२६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा सुरू झाली, आणि त्यात वर्गच नव्हते. फर्स्ट नाही, एसी नाही, सगळे सेकंड क्लासवाले, पण गाडी मात्र वेगवान. तोपर्यंत वेगाची गाडी म्हणजे पैसेवाल्यांची गाडी असा हिशोब होता. पुढे त्या गाडीला एसी डबे लागले, आजही धावते, कल्याण-भुसावळ-नागपूर मार्गे, पुण्यावरून जात नाही.

१९७४ च्या संपातल्या कामगारांना त्यांनी परत घेतलं का?

हो. मे १९७४ चा रेल्वे संप, जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली, ८ मे ते २७ मे, जगातल्या मोठ्या संपांत गणला जातो. सरकारने तो मोडला, हजारो लोक नोकरीतून काढले, कित्येकांना क्वार्टर सोडावी लागली. आपल्याकडे घोरपडी, दौंड, पुणे स्टेशनच्या रेल्वे कॉलन्यांमधल्या जुन्या माणसांकडे अजून त्या आठवणी निघतात. दंडवते मंत्री झाल्यावर बडतर्फ कामगारांना परत घ्यायचा निर्णय झाला. काही अधिकाऱ्यांना हे पचलं नाही, शिस्तीचं काय म्हणून. मला विचाराल तर संप करणाऱ्याला नोकरीवरून काढून त्याच्या पोरांची शाळा सोडायला लावणं ही शिस्त नव्हेच.

रिझर्व्हेशन कॉम्प्युटरवर आणलं तेही यांनीच?

सुरुवात त्यांच्या काळात, विचार आणि तयारी. प्रत्यक्ष कॉम्प्युटरचं तिकीट दिल्लीत ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मिळायला लागलं. लक्षात ठेवा, हा काळ असा होता की कॉम्प्युटर म्हणजे नोकऱ्या जाणार असं युनियनवाले म्हणायचे आणि दंडवते स्वतः कामगारांच्या बाजूचे, त्यामुळे त्यांना युनियनशी बोलून, समजावून हे पुढे न्यायचं होतं. मोठ्या जाड वहीत पेनने नावं लिहून बर्थ देणारा क्लार्क आणि खिडकीबाहेर दलाल, हे बदलायला हवं होतं हे त्यांना दिसलं.

कोकण रेल्वे नक्की कोणी आणली? नाथ पै, दंडवते, फर्नांडिस की श्रीधरन?

यावर कोकणातल्या लग्नाच्या पंगतीत भांडणं होतात, आणि प्रत्येक जण बरोबर असतो.

मागणी फार जुनी. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी आयुष्य घातलं त्यात. नाथ पैंनी संसदेत ती लावून धरली. साठच्या दशकात दिवा-पनवेल लाईन आपट्यापर्यंत आली, आणि तिथून जेमतेम रोह्यापर्यंत यायला १९८६ उजाडलं. म्हणजे या वेगाने सावंतवाडीला रेल्वे कधी पोचली असती याचा तुम्हीच हिशोब करा. अडचण डोंगर-दऱ्यांची होतीच, पण त्याहून मोठी अडचण पैशाची, कारण रेल्वे बोर्ड दरवर्षी बजेटमध्ये थोडीशी तरतूद टाकायचं आणि असे प्रकल्प पिढ्यानपिढ्या रांगेत उभे राहायचे.

डिसेंबर १९८९ मध्ये योग असा आला की रेल्वेमंत्री फर्नांडिस, मंगलोरचे, आणि अर्थमंत्री दंडवते, राजापूरचे खासदार. म्हणजे लाईनच्या दोन्ही बाजूंची माणसं, एकाकडे रूळ, दुसऱ्याकडे तिजोरी. यांनी बजेटच्या रांगेत न थांबता वेगळी कंपनी काढायची युक्ती स्वीकारली. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची नोंदणी झाली, केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ ६-६, आणि बाकीचा पैसा बाजारातून रोखे काढून. श्रीधरन तिचे प्रमुख झाले आणि रोहा ते मंगलोरजवळच्या ठोकूरपर्यंतची साधारण ७४० किलोमीटरची लाईन, बोगदे, पूल, पानवलचा तो ६४ मीटर उंच पूल, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, सगळं सात-आठ वर्षांत उभं केलं. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला.

म्हणजे इंजिनीअरिंगचं श्रेय श्रीधरन आणि त्यांच्या माणसांचं, आणि त्या कामात जीव गेलेल्या मजुरांचंही. राजकीय धडाडी फर्नांडिसांची. पण पैशाचा मार्ग मोकळा करणं आणि त्याआधीची अठरा-एकोणीस वर्षं संसदेत हा विषय मरू न देणं, यात दंडवते आहेत. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते सरकार अकरा महिनेच टिकलं. त्या अकरा महिन्यांत कंपनी नोंदवली गेली याचं कारण फाईल काय आहे, अडतं कुठे आहे हे मंत्र्याला खुर्चीवर बसायच्या आधी पाठ होतं. नव्या माणसाला पहिले सहा महिने समजून घेण्यातच गेले असते.

पुण्यातल्या कोकणवाल्यांना याचं मोल मी काय सांगणार. स्वारगेटहून लाल डबा, कोल्हापूर, मग गगनबावडा नाहीतर फोंडा नाहीतर आंबोली, पावसात दरड आली की घाटातच रात्र. आज गणपतीला पुण्याहून पनवेल मार्गे स्पेशल सुटते, तिचं बुकिंग उघडल्या-उघडल्या संपतं ती वेगळी तक्रार, आणि रोहा-वीर सोडलं तर लाईन अजून एकेरीच आहे तीही तक्रार आहेच. त्या दोन्ही तक्रारी आजच्या खासदारांना करा, करायलाच हव्यात.

अर्थमंत्री म्हणून कसे होते? तेव्हाच देश दिवाळखोरीकडे गेला म्हणतात.

दोन्ही बाजू सांगते. मार्च १९९० मध्ये त्यांनी बजेट मांडलं. त्यात सोनं नियंत्रण कायदा रद्द करायची घोषणा होती आणि त्या वर्षी तो रद्द झालाही. हा कायदा म्हणजे काय ते लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या जुन्या सराफाला विचारा. १९६३ मध्ये मोरारजीभाई अर्थमंत्री असताना चौदा कॅरेटच्या वरचे दागिने करायला बंदी आली, १९६८ मध्ये कायदा झाला, साध्या माणसाला सोन्याची लगड घरात ठेवता येईना, सोनारांच्या पिढीजात धंद्यावर कुऱ्हाड, इन्स्पेक्टरची धाड, आणि चोरटं सोनं मात्र जोरात. ज्या मोरारजीभाईंच्या मंत्रिमंडळात त्यांनी काम केलं त्यांचंच हे धोरण दंडवतेंनी मोडीत काढलं, आणि योग्य केलं.

दुसरी बाजू. शेतकऱ्यांचं दहा हजारांपर्यंतचं कर्ज माफ करायची योजना त्याच सरकारची. निवडणुकीत दिलेलं वचन होतं ते. शेतकऱ्याला त्या वेळी श्वास घेता आला हे खरं, आणि बँकांची, विशेषतः ग्रामीण पतपुरवठ्याची शिस्त बिघडली ही टीकाही खरी, ती खोडून काढता येत नाही. परकीय गंगाजळीचा प्रश्न आधीच्या काही वर्षांच्या तुटीतून साठत आलेला होता, त्यात ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, तेल महागलं, आखातातून लोक परत यायला लागले. सरकार नोव्हेंबरमध्ये पडलं, सोनं गहाण ठेवायची वेळ १९९१ मध्ये आली. सगळं खापर त्या अकरा महिन्यांवर फोडणं अन्याय आहे, पण धोक्याची घंटा ऐकून खर्चाला आवर घालायला हवा होता असं मलाही वाटतं. रेल्वेमंत्री दंडवते हे अर्थमंत्री दंडवतेंपेक्षा मोठे, हे माझं मत.

खासदार निधीतून त्यांनी मतदारसंघात काय केलं?

काहीच नाही, कारण खासदार निधी नव्हताच! ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये आली, तेव्हा ते खासदार नव्हते. आज वर्षाला पाच कोटी मिळतात आणि चौकाचौकात बाकावर, बसथांब्यावर, जिमच्या यंत्रावर खासदारांचं नाव दिसतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की खासदार म्हणजे बाक देणारा. दंडवतेंकडे देण्यासाठी बाक नव्हता. पत्र लिहिणं, प्रश्न विचारणं, मंत्र्याला गाठणं एवढंच हत्यार. तरी लोक निवडून देत होते.

प्रमिलाताई दंडवते पण खासदार होत्या ना?

होत्या, १९८० मध्ये मुंबई उत्तर मध्यमधून. म्हणजे सातव्या लोकसभेत नवरा-बायको दोघंही, दोन वेगळ्या मतदारसंघांतून, आपापल्या बळावर. महिला दक्षता समिती उभी करणाऱ्यांत त्या होत्या. हुंडाबंदी कायदा कडक करण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक आणलं, त्या काळात दिल्लीत सुना जाळल्याच्या बातम्या रोज येत होत्या, आणि पुढे संयुक्त समिती बसून १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. वर म्हटलं ना, खासगी विधेयक पास होत नाही पण सरकारला हलवतं, त्याचं हे उदाहरण लिहा पेपरात. आणि कृपा करून त्यांचा उल्लेख फक्त 'मधु दंडवतेंच्या पत्नी' असा करू नका.

एवढं करून १९९१ ला हरले कसे?

काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. जनता दल फुटलं होतं, सरकार पडलं होतं, मंडल आणि मंदिर या दोन वादांत देश ढवळून निघालेला, आणि कोकणात शिवसेना पाय रोवत होती. समाजवाद्यांची जुनी फळी थकलेली, नवीन पोरं त्यांच्याकडे येत नव्हती, मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्यावर चाकरमान्यांच्या घरातलं राजकारणच बदललं. मला वाटतं माणूस हरला नाही, पक्ष संपत आला होता. १९९६ पासून तिथून सुरेश प्रभू येत राहिले, तेही पुढे रेल्वेमंत्री झाले, आणि २००९ ला फेररचनेत राजापूर मतदारसंघच जाऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला.

हरल्यावर काय केलं?

संयुक्त आघाडीच्या काळात, १९९६ ते ९८, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. नवव्या पंचवार्षिक योजनेची तयारी त्यांच्या हाताखाली झाली. याआधी १९९० मध्येही काही महिने ते पद त्यांच्याकडे होतं.

परीक्षेत किंवा इंटरव्ह्यूला यांच्याबद्दल विचारलं तर काय सांगू?

'स्वच्छ प्रतिमेचे अभ्यासू नेते' असलं काही सांगू नका, ते प्रत्येकाबद्दल सांगतात. एक निर्णय घ्या आणि तो कसा झाला ते सांगा. फोम घ्या किंवा कोकण रेल्वेची कंपनी घ्या, खर्च कुठून आला, विरोध कोणाचा होता, सरकार गेल्यावर टिकला का. आणि टीकाही सांगा, कर्जमाफीची. पॅनेलवर बसलेल्या माणसांना पाठांतर लगेच कळतं.

वाचायचं कुठे? पुण्यात काही मिळेल का?

संसदेच्या डिजिटल लायब्ररीत लोकसभेचे जुने वृत्तांत स्कॅन करून ठेवलेत, फुकट आहेत, तिथे पाचव्या ते नवव्या लोकसभेत जाऊन त्यांच्या नावाने शोधा. स्कॅन काही ठिकाणी पुसट आहे, नावाचं स्पेलिंग वेगवेगळं आहे, तर दोन-तीन प्रकारे शोधून बघा. पहिल्यांदा वाचणार असाल तर १९७७-७८ ची रेल्वे बजेटवरची चर्चा घ्या, कारण त्यात इतरांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांनी मंत्री म्हणून दिलेली उत्तरं दोन्ही सापडतात, आणि मग उलट दिशेने जाऊन १९७१ ते ७५ मध्ये ते स्वतः विरोधात असताना रेल्वेमंत्र्याला काय विचारायचे ते वाचा, म्हणजे खुर्ची बदलल्यावर माणूस बदलला की नाही ते तुमचं तुम्हालाच तपासता येईल. ज्यांना छापील हवं त्यांनी बीएमसीसी रोडला गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय गाठावं, जुने सरकारी अहवाल आणि बजेटची कागदपत्रं बघायला पुण्यात त्याच्यासारखी जागा नाही, फक्त बाहेरच्यांना कधी आणि कसं बसू देतात ते आधी फोन करून विचारा. समाजवादी चळवळीबद्दल मराठीतून हवं असेल तर शनिवार पेठेत 'साधना'चं कार्यालय आहे, तिथे जुन्या अंकांची चौकशी करा.